सबसॉनिक, सायलेन्सर आणि आपले कान : नेमबाजीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी गड्डा यात्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलबद्दल लिहिलं होतं, की सोलापुरातल्या किती पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरली ती तिथंच होम मैदानावर, संक्रांतीच्या थंडीत, बापाच्या खांद्याला टेकून. त्यावर बरीच पत्रं आली आणि मला वाटलं होतं सगळे नेम कसा धरायचा तेच विचारतील, पण निम्म्याहून जास्त प्रश्न आवाजाबद्दलचे निघाले. म्हणून यावेळचं सदर सगळं आवाजालाच दिलंय.

प्रश्न (जुळे सोलापूर) : सर नमस्कार, मी वर्षभर एअर पिस्तूल मारतोय, आता .२२ कडे, म्हणजे ०.२२ इंच बोअरच्या छोट्या काडतुसाच्या पिस्तुलाकडे जायचा विचार आहे. युट्यूबवर अमेरिकेतली लोकं घरीच टेबलाला प्रेस लावून काडतुसं भरतात, मुद्दाम सबसॉनिक, म्हणजे गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाईल अशी भरतात आणि सायलेन्सर लावून मारतात, आवाज एकदम टाळी वाजवल्यासारखा येतो. आपल्याकडं असं करता येईल का? काडतुसं फार महाग पडतात आणि घरच्यांना आवाजाची भीती वाटते म्हणून विचारतोय.

उत्तर : दादा, सरळच सांगतो, नाही करता येणार. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं नुसतं पिस्तूल नाही, काडतूस बनवायलाही परवाना लागतो, आणि तो तुमच्या माझ्यासारख्या खेळणाऱ्या माणसाच्या परवान्यात येत नाही. बेकायदा बनवल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. सायलेन्सर तर निषिद्ध वर्गातलाच, बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करणारी कुठलीही जोडणी आपल्याकडं सामान्य माणसाला ठेवताच येत नाही. त्यामुळं "लहानसाच आहे", "फक्त रेंजवरच लावतो", "लेथवाल्या मित्राकडून करून घेतो", यातलं काही चालत नाही, आणि असं कुणी सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा असं मी मोठ्या भावासारखं सांगतो.

पण कायदा सांगून गप्प बसलो तर तुमचं समाधान होणार नाही, कारण तुमच्या प्रश्नात खरी उत्सुकता आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. तर बघा, पिस्तूल वाजतं तेव्हा एक आवाज येत नाही, दोन येतात, कधी कधी तीन.

पहिला आवाज गॅसचा. काडतुसातली पावडर जळून जो गरम वायू तयार होतो तो गोळीच्या मागं नळीत कोंडलेला असतो, गोळी तोंडातून बाहेर पडली की तो एकदम सुटतो. कुकरची शिट्टी निघायच्या आत कुणी झाकण ओढलं तर काय होईल, तसं, फक्त हजारो पट जोरात. सायलेन्सर एवढंच करतो की त्या वायूला बाहेर पडायच्या आधी आतल्या कप्प्याकप्प्यांतून फिरवतो, पसरू देतो, थंड होऊ देतो, म्हणजे तो हळू बाहेर येतो. तुमच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरचं काम आणि हे काम एकाच जातीचं, आणि हा नुसता उपमेचा भाग नाही, हायरम पर्सी मॅक्झिम नावाच्या अमेरिकन माणसानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि त्याच्याच कंपनीनं पुढं इंजिनांचेही सायलेन्सर केले. त्याचे वडील म्हणजे मॅक्झिम मशीनगन काढणारे हायरम मॅक्झिम. बापानं जगातली सगळ्यात गोंगाटाची बंदूक केली आणि पोरानं ती गप्प करायचा प्रयत्न केला, मला हे नेहमी आठवतं.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. गोळी हवेतल्या आवाजापेक्षा जोरात पळत असेल तर ती हवेला बाजूला व्हायला वेळच देत नाही, हवा दाबून तिच्या पुढं एक धक्कालाट तयार होते आणि ती आपल्याला "कडाक्" अशी ऐकू येते. हे समजायला पोतराज आठवा. तो आसूड फिरवतो तेव्हा जो कडाका निघतो तो आसूड कुठं आपटल्याचा नसतो, तर टोकाची दोरी आवाजाच्या वेगाच्या पुढं जाते म्हणून निघतो. लहानपणी आमच्या गल्लीत कडकलक्ष्मी यायची तेव्हा आम्ही कान झाकून उभे राहायचो, पुढं चाळीस वर्षांनी कळलं की तो पण सुपरसॉनिकच होता. आता हा कडाका नळीच्या तोंडाशी होत नाही, गोळी जिथून जिथून जाते तिथं सगळीकडं होतो, त्यामुळं तोंडाला कितीही भारी सायलेन्सर लावा, त्याचा या आवाजाशी काही संबंधच नाही. म्हणून ती लोकं सबसॉनिक काडतूस शोधतात, म्हणजे गोळी मुळातच आवाजापेक्षा हळू जाईल असं.

तिसरा आवाज यंत्राचा, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागं जाऊन आपटतो तो. बाकीचे दोन कमी झाले की मग हा ऐकू यायला लागतो, आणि टाळीसारखा म्हणता तुम्ही तो व्हिडिओतला आवाज बराचसा हाच असतो, त्यात मोबाइलचा माइक मोठा आवाज आपोआप दाबून टाकतो हे पण लक्षात घ्या. त्या व्हिडिओवरून खरा आवाज किती होता ते कुणालाच सांगता येणार नाही.

सबसॉनिक म्हणजे दुबळी गोळी असं बऱ्याच जणांना वाटतं, ते पण खरं नाही. ९ मिलिमीटरची नेहमीची १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाते, ती सुपरसॉनिक. तीच गोळी जड केली, १४७ ग्रेन म्हणजे साडेनऊ ग्रॅम, की ती ३०० च्या आसपास जाते आणि कडाका नाहीसा होतो, पण वजन वाढलेलं असल्यामुळं जोर फार कमी होत नाही. .४५ एसीपी हे मोठ्या बोअरचं पिस्तुलाचं काडतूस तर जन्मतःच सबसॉनिक, १५ ग्रॅमची गोळी २५० च्या थोडी वर. म्हणजे वेग कमी आणि वजन जास्त हा सगळा मामला आहे. हे सगळं तिकडच्या कारखान्यातून तयारच मिळतं. तरी तिकडची हौशी माणसं हाताने भरतात कारण त्यांना एकसारखेपणा हवा असतो, स्वतःच्या पिस्तुलाला जमेल असं हवं असतं आणि रिकाम्या पितळी पुंगळ्या परत वापरल्या की पैसे वाचतात. तिकडंसुद्धा सायलेन्सर कुणीही दुकानातून उचलून आणत नाही, १९३४ च्या कायद्यापासून त्याची सरकारकडं नोंदणी करावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला जायचंय .२२ कडं आणि .२२ चं काडतूस परत भरताच येत नाही, कायदा बाजूला ठेवला तरी. मोठ्या काडतुसाला बुडाला मधोमध पावडर पेटवणारी टोपी वेगळी बसवलेली असते, वाजली की ती काढून नवी घालता येते. .२२ ला वेगळी टोपीच नाही, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठाच्या आत, वाटीच्या कडेला खळ लागलेली असावी तसा भरलेला असतो आणि घोडा त्या काठावर आपटतो. एकदा वाजलं की काठ चेपला, पुंगळी संपली. त्यामुळं तुमच्या पैशाच्या अडचणीवर हा उपाय कुठल्याच देशात चालला नसता.

आणि हाताने कमी पावडरची काडतुसं भरण्यात जो धोका आहे तो व्हिडिओवाले घाईघाईत सांगतात. मोठ्या पुंगळीत थोडीशीच पावडर असली की ती तळाला बसते, वरून बघितलं तर एकदा भरली का दोनदा ते डोळ्याला चटकन कळत नाही. दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटतं. उलट पडलीच नाही, नुसती टोपी वाजली, तर गोळी नळीत मध्येच अडकते, आवाज "फट्" असा बारीक येतो, मारणाऱ्याला वाटतं काहीतरी झालं नाही आणि तो पुढची गोळी मारतो, ती अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फुगते नाहीतर फाटते. म्हणून रेंजवर, कारखान्याचं काडतूस असलं तरी, एक नियम मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगतो : आवाज नेहमीपेक्षा बारीक आला की थांबायचं, हात वर करायचा, पिस्तुलाचं तोंड निशाण्याकडंच ठेवायचं, आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय दुसरी गोळी नाही.

आता गोड बातमी. तुम्हाला जे हवंय ते तुमच्या रेंजवर आहेच. स्पर्धेत वापरतात ती .२२ ची मॅच काडतुसं, ईली म्हणा, लापुआ म्हणा, एसके म्हणा, ती सगळी मुद्दामच सबसॉनिक असतात, ३२५ ते ३३० मीटर, आणि पिस्तुलाची छोटी नळी असली की अजून कमी. शांत वाजावीत म्हणून नाही, नेमकी लागावीत म्हणून. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात येतंच.

प्रश्न (होटगी रोड) : आपल्याकडं मे महिन्यात ४३ पर्यंत पारा जातो. गरम हवेत आवाज जोरात पळतो असं शाळेत शिकलो होतो. मग थंडीत सुपरसॉनिक असणारं काडतूस उन्हाळ्यात सबसॉनिक होतं का?

उत्तर : शाबास, हा प्रश्न मला फार आवडला. होय, गणितानं बघितलं तर तसं होऊ शकतं. शून्य डिग्रीला आवाजाचा वेग ३३१ मीटर धरा आणि दर डिग्रीला ०.६ मीटर वाढवत जा. डिसेंबरात पहाटे १२ डिग्री असताना तो ३३८ च्या थोडा वर येतो, २० ला ३४३, आणि आपल्या मे महिन्यातल्या दुपारी ४३ ला जवळजवळ ३५७. म्हणजे ३५० नं जाणारी गोळी थंडीत कडाका काढेल आणि मे महिन्यात कदाचित नाही काढणार. कदाचित अशासाठी म्हणतो की उष्णतेनं काडतुसातली पावडर पण जरा जास्त जोरात जळते, गोळीचा वेगही थोडा वाढतो, त्यामुळं दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकतात. काडतुसाचा डबा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, मी सावलीत कापडी पिशवीत ठेवतो. हवेचा दाब म्हणाल तर आवाजाच्या वेगावर त्याचा परिणाम नाही, तापमानाचाच आहे.

आणि मॅच काडतूस सबसॉनिक का, तर गोळी आवाजाच्या वेगाच्या वर सुरू झाली आणि वाटेत हळू होत होत त्या वेगाच्या खाली आली, की त्या उंबरठ्यावर तिला हेलकावा बसतो. ५० मीटरच्या रायफलला दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तिथं एवढासा हेलकावा पण परवडत नाही. म्हणून तो उंबरठा ओलांडायचाच नाही, पहिल्यापासून खालीच राहायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ आणलं, तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं, म्हणजे आडवं पडून मारायचं जगज्जेतेपद आणलं, दोन्ही .२२ चेच खेळ. सबसॉनिक म्हटलं की लोकांना सिनेमातला मारेकरी आठवतो, मला कोल्हापूरची ही पोरं आठवतात.

प्रश्न (बार्शी) : सर, सिनेमात रिव्हॉल्वरला सायलेन्सर लावून "फुस्स" करून मारतात ते खरं का? दुसरं म्हणजे आमच्या वडिलांचं परवान्याचं .३२ रिव्हॉल्वर आहे, त्यासोबत पंधरा-सोळा वर्षं जुनी काडतुसं पडून आहेत, ती चालतील का, नाहीतर मेव्हणे म्हणतात उघडून पावडर काढून टाकू.

उत्तर : पहिलं खोटं. रिव्हॉल्वरमध्ये गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्यात फट असते, वायू तिथूनही बाजूला सुटतो आणि आवाज करतो, पुढं काहीही लावून उपयोग नाही. जुन्या रशियन नागां रिव्हॉल्वरमध्ये घोडा चढवताना चक्र पुढं सरकून ती फट बंद व्हायची, तो एक अपवाद. आणि "फुस्स" तर कशालाच होत नाही. साधं पिस्तूल १६० डेसिबलच्या आसपास वाजतं, चांगल्यात चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३५ काढतो, म्हणजे राहिले १३० च्या आसपास, आणि ते काही कानगोष्ट करण्याएवढं नसतं ओ.

दुसरं मात्र हातातलं काम सोडून वाचा. मेव्हण्यांना सांगा, काडतूस उघडायचं नाही, पक्कड लावायची नाही, जाळायचं नाही, विहिरीत किंवा कालव्यात टाकायचं नाही. ती काडतुसं वडिलांच्या परवान्यावर मोजून नोंदलेली आहेत, एक कमी झालं तरी जबाब वडिलांना द्यावा लागतो. हिरवा गंज चढलेली, डाग पडलेली, चेपलेली असतील तर मारायची नाहीत. परवाना घेऊन परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडं नाहीतर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, लेखी जमा करा आणि पोच घ्या. बार्शीचे म्हणून तुमचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाकडं येतो, सोलापूर शहरातल्यांचा पोलीस आयुक्तालयाकडं. आणि कधी रेंजवर जुनं काडतूस ओढलं आणि वाजलंच नाही, तर लगेच चक्र उघडायचं नाही, तोंड निशाण्याकडं ठेवून सावकाश तीस मोजायचे, कारण टोपी कधी कधी उशिरा पेट घेते.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी) : काका, माझे वडील तीस वर्षं यंत्रमागावर होते, आता त्यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नाही, टीव्ही फुल आवाजात लावतात. मी बारावीला आहे, रेंजवर जाते, २५ मीटर पिस्तूल शिकायचंय. आई म्हणते एका घरात एक बहिरा पुरे झाला. तिला काय सांगू?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईला आधी सांग की तिचं म्हणणं बरोबर आहे. मग हे पुढचं तिला वाचून दाखव.

तुझ्या वडिलांच्या कानाचं जे झालं ते आपल्या सोलापुरातल्या हजारो घरांत झालंय. ज्या चादरीनं आणि टॉवेलनं आपलं गाव जगात ओळखलं जातं ती चादर विणताना धोटा एका मिनिटात शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडं आपटतो, एका शेडमध्ये असे कितीतरी माग, आवाज नव्वद डेसिबलच्या पुढं, आणि कारखान्याच्या नियमात आठ तासांना नव्वदच ही मर्यादा आहे. ती खटखट रोज थोडं थोडं कान खाते. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांसारख्या पेशी असतात, गव्हाच्या शेतातून रोज त्याच वाटेनं माणसं गेली की जशी वाट पडते तशा त्या आडव्या पडत जातात. पीक तरी पुढच्या वर्षी येतं, या पेशी एकदा मेल्या की माणसाला परत येत नाहीत. कुठलं औषध नाही, कुठला काढा नाही.

बंदुकीचं वेगळं आहे. तिथं रोज रोज लागत नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच धक्का सुद्धा ती वाट पाडू शकतो. डेसिबलचं गणित फसवं असतं, दहा वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे १४० आणि १६० यात फरक वीसचा दिसतो पण तो शंभरपट असतो. .२२ पिस्तूल मोठ्या पिस्तुलापेक्षा बरंच कमी वाजतं, पण तेही १४० च्या वर जातं, आणि बंद शेडमध्ये मारलं तर भिंती तो आवाज परत परत तुझ्यावर फेकतात.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. मी एकोणीस वर्षांचा असताना ज्या रेंजवर शिकलो तिथं मफ, म्हणजे कान झाकणारे कप मागितले तर हसायचे, पुरुष आहेस ना म्हणायचे, फार तर कापूस देत आणि कापसानं जवळजवळ काही थांबत नाही. दोन वर्षं तसंच रायफल मारली. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडं येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो, त्यामुळं माझा डावा कान गेला. ऐकू येतं, पण रात्री सगळं शांत झालं की त्या कानात एक बारीक शिट्टी चालू असते, रातकिड्यासारखी, ती मागची पस्तीस वर्षं एक मिनिट थांबलेली नाही. मला त्या रेंजवरच्या माणसांचा अजून राग येतो. त्यांना माहीत होतं, त्यांचे स्वतःचे कान गेलेले होते.

म्हणून तुझ्यासाठी काय करायचं ते नीट लिहितो. आधी कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख काढून घे, आत्ता, काही त्रास नसताना, म्हणजे पुढं दरवर्षी त्याच्याशी ताडून बघता येईल. रेंजवर फोमचे बोळे घालायचे आणि त्यावर मफ. दोन्हीचे आकडे बेरीज करून मिळत नाहीत, दुसऱ्याचे साधारण पाचच डेसिबल जादा मिळतात, पण ते पाच सुद्धा मोलाचे. बोळा बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा, नुसता कानाच्या दारात अडकवला तर तो दागिना झाला. मफच्या खाली चष्म्याची जाड काडी, ओढणी, केसांची क्लिप येऊ द्यायची नाही, एवढ्याशा फटीतून आवाज आत जातो. तू मारत नसलीस, मागं बाकावर बसून डबा खात असलीस तरी कान झाकलेले पाहिजेत, शेजारच्या लेनचा आवाज कमी नसतो. मारून झाल्यावर कानात गुंई झालं किंवा लोक लांबून बोलल्यासारखे वाटले तर त्या दिवशी कान दुखावला असं समज, घरी जा, आणि काय चुकलं ते शोधल्याशिवाय परत उभी राहू नको. अजून एक, आवाजाशी नाही पण तुझ्याशी संबंधित : गोळीत आणि टोपीत शिसं असतं, रेंजवरून आल्यावर साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

इतकं सगळं पाळलंस तर तुझे कान साठीतही शाबूत राहतील. तुझ्या वडिलांना कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांना पण एकदा तपासायला घेऊन जा, श्रवणयंत्रानं टीव्हीचा आवाज खाली येईल आणि मुख्य म्हणजे तुम्ही बोललेलं त्यांना कळेल.

प्रश्न (नान्नज परिसर) : रानडुकरं ज्वारी आडवी करतात. कमी आवाजाचं काही मिळतं का, बाकीची जनावरं बुजणार नाहीत असं?

उत्तर : नुकसान मी डोळ्यानं बघितलंय, हुरड्याला आलेली ज्वारी एका रात्रीत जाते. पण बंदूक हा मार्ग धरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही, आणि तुमचं शिवार माळढोक अभयारण्याच्या कडेला, तिथं काळवीट, लांडगे फिरतात, रात्री टॉर्चच्या उजेडात काय हललं ते कळत नाही. सबसॉनिक गोळीसुद्धा चुकली तर किलोमीटरभर जाते, आणि तिकडं कुणाची तरी वस्ती असते. पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज लगेच टाका, वेळ गेली की अर्ज अडतो.

प्रश्न (पंढरपूर) : घरात गच्चीवर सराव करायचा, शेजारी भांडायला येऊ नयेत आणि कायद्यातही बसावं, असं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते ऑलिंपिकमध्ये पण आहे. १० मीटर एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा, वेग साधारण १५० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या निम्मासुद्धा नाही. पावडर नाही, जाळ नाही, नुसती दाबलेली हवा. .१७७ पर्यंतचं बोअर आणि २० जूलपर्यंतची ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेचं पिस्तूल त्याच्या कितीतरी खाली बसतं. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स मात्र जपून ठेवा. मनू भाकरनं पॅरिसला पहिलं पदक याच प्रकारात घेतलं. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं, आणि एका हातानं मारायचं.

गच्चीवर मात्र उघड्यावर नको. जिन्याची किंवा लांब खोलीची आंधळी भिंत निवडा, मधे दार नको, छर्रा पकडायची लोखंडी पेटी लावा आणि तिच्या मागं गोणपाट सोडा, म्हणजे "टण्" असा जो आवाज येतो तो पण मरतो. शेजाऱ्याला ऐकू जातो तो पिस्तुलाचा आवाज नसतो, त्या पेटीचाच असतो. चष्मा घाला, छर्रा उलटा येतो कधी कधी. पोरं घरात असतील तर कपाटाला कुलूप, आणि किल्ली तुमच्या कमरेला.